पाऊस हुकला तर किती कमी करणार?

पावसाळा सरला की हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती. त्यातून माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं आधी बाजूला काढायचं, मग उरेल त्यावर रब्बीचा पेरा ठरवायचा. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या अवर्षणप्रवण गावात पाऊस कमी झाला की पेराही कमी होतो. पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला न घालता आजच्या गरजा भागवणं, ही शाश्वत विकासाची व्याख्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालाने जगापुढे ठेवली. तिच्यातलं सगळ्यात अवघड कलम म्हणजे हात आखडता घेणं, आणि हे गाव ते पाळतं.

जाहिरातीला नेमकं हेच कलम परवडत नाही, कारण तिला खप वाढवायचा असतो. म्हणून ती मर्यादा वगळते आणि चांगुलपणा तेवढा मालावर छापते.

उसापासूनचं इथेनॉल घ्या. ते पेट्रोलमध्ये मिसळलं की तेलाची आयात घटते, हे खरं आहे आणि महत्त्वाचंही. पण त्याला सरसकट ‘हरित इंधन’ म्हटलं की ऊस कुठे आणि कुणाच्या पाण्यावर वाढला, हा प्रश्नच उरत नाही. साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाचाच २०२१चा आराखडा सांगतो. पंचगंगेच्या काठी या आकड्याचा अर्थ वेगळा, मराठवाड्यात वेगळा. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, भोवती ऊस आहे. गाडीच्या धुरातला कार्बन मोजायचा आणि तिथल्या बोअर किती खोल गेल्या ते मोजायचं नाही, याला मी हिशेब म्हणणार नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘पर्यावरणपूरक’, ‘शाश्वत’ असे मोघम दावे आता पुराव्याशिवाय करता येत नाहीत. हे हवंच होतं. पण पुरावा मालापुरता मागून भागणार नाही, तो खोऱ्याचा मागायला हवा. पाणी कुठून उपसलं, तिथे किती मुरलं, आणि पाऊस हुकला तर उत्पादन किती कमी करणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या कंपनीला आकड्यात देता येत नाही, तिला ‘शाश्वत’ छापायची परवानगी मिळता कामा नये.