देहांत निरुपयोगी असा अवयव आहे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यांतील कित्येक वाड्यातांड्यांवरून माणसें ऊस तोडावयास बाहेर पडतात. मागें दाराला कुलूप, नाहीं तर ओसरीवर एखादी म्हातारी व शाळेचें पोर, एवढेंच उरतें. नवरा व बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत फड सोडतां येत नाहीं. ह्या कष्टकरी स्त्रियांत एक बोलणें फार रूढ झालें आहे: "मुलें झालीं, आतां पिशवीचें काय काम?" घरचे असें म्हणतात, कांहीं डॉक्टर असें म्हणतात, आणि शेवटीं ती बाईही असेंच म्हणूं लागते. ह्या बोलण्यांत जो विचार दडला आहे तो खरा आहे काय, हें वाचकांनीं आमच्याबरोबर नीट तपासून पाहावें.

शेजारच्या बीड जिल्ह्यांत ही गोष्ट कोठवर गेली आहे तें २०१९ सालीं उघड झालें. त्या वर्षीं राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तींत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहांमध्यें एक. सर्व देशांत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हेंच प्रमाण शंभरांत सुमारें तीन आहे. बीडच्या पाण्यांत कांहीं निराळा रोग आहे असें कोणी म्हणत नाहीं.

मग ह्या स्त्रियांस होतें तरी काय? त्यांचा एक दिवस घ्या. पहांटे काळोखांत फडांत उभें राहावयाचें, वाकून बुडख्यावर कोयता घालावयाचा, पाचट सोलावयाचें, वाढें छाटावयाचें, मोळी बांधावयाची, आणि ती डोकीवर घेऊन फळीवरून गाडींत चढवावयाची. स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त फिरवितें. मोळी घेऊन फळी चढतांना त्यास ह्याच्या दुपटीहूनही अधिक फिरवावें लागतें. तें रक्त फुफ्फुसांत प्राणवायु घेतें व स्नायूंस नेऊन देतें. प्राणवायु वाहणारा जो रक्तांतील लाल पदार्थ, तो लोहावांचून बनत नाहीं, आणि लोह तर आंतड्यांनीं अन्नांतूनच शोषून घ्यावयाचें असतें. भाकर व ठेचा ह्यांवर पांच महिने काढले, आणि त्यांत दर महिन्यास अंगावरून रक्त जात राहिलें, म्हणजे लोह अपुरें पडतें. मग तेंच काम उरकण्यास हृदयाला अधिक वेळां ठोके द्यावे लागतात, धाप लागते, आणि बाई म्हणते कीं अंगांत बळ नाहीं.

मूत्रपिंडांचें काम याहूनही नवलाचें. तीं दिवसास सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील बहुतेक सर्व रक्तास परत देतात, आणि लिटर-दीड लिटर तेवढें बाहेर टाकतात. घाम फार गेला तर तीं पाणी राखून ठेवितात व मूत्र थोडें आणि दाट होतें. फडांत आडोसा नसतो, कोपीजवळ मोरी नसते. म्हणून स्त्रिया तहान मारून मुद्दाम पाणी पीत नाहींत. ओघ मंद झाला म्हणजे मार्गांतील जंतु धुऊन जात नाहींत. जळजळ होते, ओटीपोटांत कळा येतात. पाळीच्या दिवसांत धुण्यास पाणी नाहीं, फडकें उन्हांत वाळत घालण्यास लाज वाटते. मग अंगावरून पांढरें जाऊं लागतें. ही तक्रार घेऊन ती दवाखान्यांत जाते तेव्हां पुष्कळदां तिला सांगण्यांत येतें कीं पिशवी खराब आहे, ठेविली तर कर्करोग होईल. दोष पाण्याचा, आडोशाचा व अन्नाचा. पण काढून टाकिला जातो अवयव. ह्यांतील बहुतेक दुखणीं साध्या औषधगोळ्यांनीं बरीं होण्यासारखीं असतात. गर्भाशय काढणें हाच ज्यांवर उपाय, अशीं दुखणीं आहेतच: न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गांठी, खराखुरा कर्करोग. त्यांविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं.

काढल्यावर काय होतें? गर्भाशय मुठीएवढें, त्याच्या दोहों बाजूंस बीजकोश असतात. हे केवळ बीज देऊन थांबत नाहींत. त्यांतून रक्तांत मिसळणारा स्राव हाडांतील चुना टिकवितो, रक्तवाहिन्या लवचीक राखतो, झोंप व मन स्थिर ठेवण्यास साहाय्य करितो. पिशवीबरोबर बीजकोशही काढिले, म्हणजे तिशींतील बाईच्या देहांत पन्नाशी एका दिवसांत येऊन बसते. ते ठेविले, तरीही पाळी थांबण्याच्या वयाचे विकार लवकर सुरू होऊं शकतात. अंगांतून वाफा निघतात, हाडें ठिसूळ होतात, कंबर धरते. खाडा चुकावा म्हणून जिनें हें केलें, तिलाच पुढें मोळी उचलवत नाहीं, आणि शस्त्रक्रियेसाठीं काढलेली रक्कम उचलींत मिळविलेली असते ती निराळीच.

अमुक अवयवाचें काम संपलें, हें म्हणण्यांत विद्वानही फसले आहेत. उराच्या हाडामागें एक ग्रंथि आहे. ती बालपणीं मोठी असून पुढें झिजत जाते. तिला महत्त्वाचें असें कांहीं काम नाहीं असेंच पुष्कळ काळ समजत. १९६१ सालीं जॅक मिलर ह्यांनीं लंडन येथें उंदराच्या नवजात पिलांतून ती काढून पाहिली, तेव्हां तीं पिलें रोगांशीं झुंजण्यास असमर्थ झालेलीं दिसलीं. ग्रंथि आपलें काम करीतच होती. पाहणारांस तें दिसत नव्हतें.

ह्यावर कोणी म्हणेल, "देह तिचा, निवड तिची, भरल्या पोटीं लिहिणारांनीं तिला काय सांगावें?" हा आक्षेप हलका नाहीं. खाडा पडला कीं दंड बसतो. पांचशें रुपये कापल्याचीं उदाहरणें त्या वेळीं पुढें आलीं. अशा बाईस आम्ही दोष देत नाहीं. परंतु जिच्यापुढें दंड व सुरी ह्या दोनच वाटा ठेविल्या, तिनें एक पत्करिली म्हणजे ती स्वेच्छा झाली काय? पुरुषाचा खांदा मोळीनें धरला तर खांदा काढा असें कोणी म्हणत नाहीं. ओझें कमी करा, तेल लावा, चार दिवस निजा, असें म्हणतात. स्त्रीच्या अवयवाची किंमत मात्र मुलें किती झालीं ह्यावर ठरते. तोच मापदंड उद्यां सबंध बाईस लावला, तर तिचेंही काम एके दिवशीं संपलेलें ठरेल. आमच्या मतें खरा अन्याय येथें आहे. सुरी नंतर येते.

बीडमध्यें खासगी दवाखान्यांस ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचें बंधन २०१९ सालीं घालण्यांत आलें, आणि २०२३ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना सर्व राज्यांनीं अमलांत आणाव्या असा आदेश दिला. पण कोपींतल्या बाईपर्यंत न्यायालयाचा कागद सहसा पोंचत नाहीं. म्हणून जिला असा सल्ला मिळेल तिनें परभणीच्या सरकारी दवाखान्यांत दुसऱ्या डॉक्टरचें मत घ्यावें, आधीं औषध घेऊन पाहिलें काय तें विचारावें, आणि बीजकोश राहणार कीं जाणार हें स्पष्ट वदवून घ्यावें. यंदा टोळ्या निघण्यापूर्वीं मुकादमाशीं उचलीचा करार होईल, तेव्हां पाळीच्या दिवसांचा खाडा धरूं नये व फडाजवळ पाण्याची व आडोशाची सोय असावी, हीं कलमें त्यांत घालून घ्यावीं. त्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचाही अंगठा असावा. कोयत्यांत दोघे असतात.