परतीचा दोर

मागे फिरण्याला आपल्या भाषेत चांगले नाव नाही. पाठ दाखवली, कच खाल्ली, शेपूट घातली, पाय काढता घेतला, असे कितीतरी वाक्प्रचार आपल्याजवळ आहेत आणि त्यांतील एकाही वाक्प्रचारात परतणाऱ्याविषयी आदर नाही. 'माघार' हा त्यांतल्या त्यात सभ्य शब्द. पण माघारसुद्धा 'घ्यावी लागते'. ती कोणी आपण होऊन, विचाराने घेतली असे आपण सहसा म्हणत नाही. आपल्या मुलांना आपण जी गोष्ट प्रथम सांगतो तीही याच वळणाची आहे. सिंहगडावर तानाजी पडला, मावळे कड्याकडे पळू लागले, तेव्हा सूर्याजीने त्यांना बजावले की दोर कापून टाकले आहेत, आता लढा किंवा कड्यावरून उड्या टाका. ही कथा सांगताना आमच्यासारख्या मास्तरांचा आवाज चढतो आणि वर्ग स्तब्ध होतो. ज्याचा परतीचा दोर कापला गेला तोच शूर, हे समीकरण वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी मनात असे पक्के बसते की पुढे ते कोणी तपासूनही पाहत नाही.

ते तपासून पाहावे असे वाटण्यास एक निमित्त झाले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी, गांधीजयंतीच्या सकाळी, पुण्याच्या पश्चिमेला बावधनजवळच्या डोंगराळ भागात एक हेलिकॉप्टर कोसळले. जवळच्याच एका गोल्फ मैदानाच्या हेलिपॅडवरून ते निघाले होते आणि त्याला मुंबईला जुहूला जायचे होते. आत प्रवासी नव्हते. दोन वैमानिक आणि एक अभियंता होता. तिघेही गेले. त्या सकाळी तेथे दाट धुके होते. अपघाताचे कारण ठरवणे हे तपास करणाऱ्यांचे काम आहे आणि त्या तिघांविषयी येथे बसून निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु धुक्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने जावे की थांबावे, हा प्रश्न त्या एका अपघातापुरता नाही. तो नीतीचाही प्रश्न आहे, आणि मला वाटते, फार जुना प्रश्न आहे.

येरवड्यात राहणाऱ्याला विमानांचा आवाज नवा नाही. लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि त्याच धावपट्टीवरून चालणारी प्रवासी वाहतूक आमच्या डोक्यावरून जाते-येते. थंडीत मुळा-मुठेवर धुके उतरले, बंडगार्डनच्या पुलाचे पलीकडचे टोक दिसेनासे झाले, की त्या दिवशी विमाने उशिरा येणार हे येथे कोणालाही सांगता येते. मोठ्या विमानाला निदान जमिनीवरून येणाऱ्या रेडिओच्या संकेतांचा आधार असतो आणि त्याची वाट आखलेली असते. हेलिकॉप्टर बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडते. क्षितिज दिसते, डोंगर दिसतो, नदी दिसते, म्हणून वैमानिकाला आपण कोठे व कसे आहोत ते कळते. ढग आडवा आला की तो थोडा खाली उतरतो, वेग कमी करतो, आणखी थोडा खाली उतरतो. यंत्र इतके आज्ञाधारक की ते सगळे करू देते. शेवटी खाली टेकडी आणि वर ढग अशा चिंचोळ्या फटीत तो सापडतो आणि मग एका क्षणी चहूकडे नुसते पांढरे होते.

त्या पांढरेपणात जे घडते ते विलक्षण आहे. माणसाच्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव हलला की आपण वळतो आहोत असे मेंदूला कळते. पण वळण अगदी हळू सुरू झाले तर त्यांना ते जाणवतच नाही. आणि एकसारखे वळत राहिले तर थोड्याच वेळात द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळण थांबले असे वाटते. अशा वेळी वैमानिकाने यंत्र खरोखर सरळ केले तर शरीर आक्रोश करते की आपण उलट्या दिशेला कलंडलो. डोळ्यांना क्षितिज दिसत असते तोवर ते कानाची ही लबाडी क्षणोक्षणी दुरुस्त करीत असतात. डोळे गेले की लबाड साक्षीदार एकटाच उरतो, आणि तो अत्यंत ठामपणे साक्ष देतो.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात याचा एक प्रयोग झाला. नुसत्या उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेले वीस वैमानिक घेतले आणि त्यांना बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था केली. विसांपैकी एकालाही विमान सावरता आले नाही. ताबा जाण्यास सरासरी १७८ सेकंद लागले. कोणाला वीस, कोणाला चारशे ऐंशी. म्हणजे सरासरीने तीन मिनिटेही नाहीत. या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याच वैमानिकांना मग एकच साधी गोष्ट शिकवली: ढगात शिरलात तर घाई न करता, तबकड्यांकडे पाहत, आल्या वाटेने वळा. थोड्या तासांच्या शिकवणीनंतर जवळजवळ सगळ्यांना ते साधले. त्यांना ढगातून पार जाण्याची विद्या शिकवली नव्हती. शिकवली होती ती परतण्याची विद्या, आणि तीच त्यांना पुरली.

अनुभवी माणसाचेही असे होते का? होते. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबासस येथे जे हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले, त्यात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्यांची मुलगी आणि इतर सात जण गेले. वैमानिक आठ हजारांहून अधिक तास उडालेला होता. आपण ढगांच्या वर चढतो आहोत, असे तो नियंत्रकांना सांगत होता. आणि त्याच वेळी ते हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली खाली चालले होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याचे सगळे अंग त्याला तसेच सांगत असणार.

येथे माझ्यासारख्या येरवडेकराला एक अडचण येते. आतला आवाज ही आमच्या गावाच्या इतिहासातली मोठी वस्तू आहे. १९३३ च्या मे महिन्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले ते येथल्या तुरुंगात. त्याच दिवशी त्यांची सुटका झाली आणि उपोषण पुरे झाले ते येथल्याच पर्णकुटीत. या उपोषणाचे कारण त्यांनी सांगितले ते असे की रात्री आपल्याला अंतर्नाद ऐकू आला. त्याआधी कित्येक शतके कालिदासाच्या दुष्यंताने, संशयाच्या प्रसंगी सज्जनाला आपल्या अंतःकरणाचा कलच प्रमाण, असा निर्वाळा दिलेला आहे. आपली सारी नीतिकल्पना या पायावर उभी आहे. मग ढगातल्या वैमानिकाला आपण कोणत्या तोंडाने सांगतो, की आतून काय वाटते ते मुळीच ऐकू नकोस, समोरच्या तबकडीचे ऐक?

मला वाटते, हा विरोध वरवरचा आहे. काय आहे आणि काय करावे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जग कसे आहे, यंत्र वर चालले आहे की खाली, या प्रश्नावर अंतःकरणाची साक्ष चालत नाही. तेथे साक्ष चालते ती शांत वेळी, उजेडात, अनेकांनी पारखून घेतलेल्या उपकरणाची. ती तबकडी नुसती काच आणि काटा नव्हे. आपल्यापूर्वी ढगात गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांचे अनुभव तिच्यात साठलेले आहेत. काय करावे या प्रश्नावर मात्र आतल्या आवाजाला अधिकार आहे. पण तो आवाज ओळखावा कसा? गांधीजींचाही आग्रह होता की त्यासाठी आधी कठोर साधना हवी, वाटेल त्याने हा दावा करू नये. मी त्याला एक घरगुती कसोटी जोडतो. येरवड्यातल्या त्या आवाजाने ऐकणाऱ्याकडून त्याचा देह पणाला लावून घेतला. त्याच्या सोयीचे त्यात काही नव्हते. उलट 'जमेल, थोडेच राहिले आहे, आतापर्यंत कधी काही झाले नाही' असे म्हणणारा जो आवाज असतो, तो नेमके आपल्याला हवे तेच बोलतो. जो आतला आवाज आपल्या सोयीचे तंतोतंत बोलतो, तो बहुधा आपल्या इच्छेचाच आवाज असतो.

ही इच्छा एकट्या वैमानिकाची असते तरी बरे. कॅलाबाससच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निष्कर्ष काढला, की अशा हवेत उड्डाण चालू ठेवण्याचा निर्णय हे मूळ कारण. त्याला हातभार लागला तो वैमानिकाने बहुधा स्वतःच स्वतःवर घेतलेल्या दडपणाचा, आणि ठरवलेला बेत न सोडण्याच्या मनाच्या ओढीचा. शिवाय कंपनीची देखरेख अपुरी होती. कंपनीने वा प्रवाशाने दडपण आणल्याचा पुरावा मंडळाला मिळाला नाही. हे वाचून मी जास्तच अस्वस्थ झालो. कोणी काही बोललेच नाही, आणि तरी दडपण होते! आपल्याकडे तर बोलणारेही असतात. निवडणुकीच्या दिवसांत एकाच नेत्याच्या चार गावी चार सभा असतात, मैदानावर माणसे उन्हात बसलेली असतात आणि सगळी भिस्त एका हेलिकॉप्टरवर असते. अशा वेळी 'उडालेच पाहिजे' असे कोणीही म्हणत नाही. 'बघा, जमतंय का' एवढेच म्हणतात. हे वाक्य दिसायला विनंतीचे आहे, पण त्यात नकाराला जागा नसते. आणि पुढे काही झाले तर बोलणाऱ्यावर बोटही ठेवता येत नाही. केदारनाथच्या वाटेवरही तेच. वर्षानुवर्षे पैसे साठवून गेलेल्या यात्रेकरूला सुट्टी संपण्याआधी दर्शन हवे असते, परतीचे तिकीट काढलेले असते. १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीला परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ पडले, तेव्हा सात जण गेले. त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलीही माणसे होती. या अपघातात कोणाकडे किती दोष जातो ते मी सांगत नाही. मी विचारतो ते इतकेच, की वाट पाहणाऱ्यांना आपण या हिशेबातून नेहमी बाहेर का ठेवतो?

अमेरिकेत रुग्णांना नेणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या कामात एक रीत पुष्कळ ठिकाणी पाळतात. हवेचा निर्णय होईपर्यंत रुग्ण कोण आहे, किती अत्यवस्थ आहे, हे वैमानिकाला कळूच देत नाहीत. लहान मूल मरणाच्या दारात आहे असे कळले तर चांगला माणूस न उडण्यासारख्या हवेतही उडेल, म्हणून. दुसरी रीत अशी, की आतल्या तिघांचाही होकार असेल तरच निघायचे; एकानेही 'नको' म्हटले की परत, आणि त्याला कारण विचारायचे नाही. दया आणि धैर्य हे सद्गुणच आहेत, पण चुकीच्या दाराने आत आले तर तेही घात करतात, हे त्या लोकांनी ओळखले आहे.

कोणी म्हणेल, सगळेच असे परतू लागले तर संकटात धावून जायचे कोणी? आक्षेप खरा आहे. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात महापूर आला तेव्हा हवाई दलाच्या वैमानिकांनी त्याच दऱ्यांतून हजारो माणसे बाहेर काढली. २५ जूनला त्यांतले एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाच्या परिसरात कोसळून वीस जवान गेले. त्यांच्या जाण्याला आणि सभेसाठी निघालेल्या उड्डाणाला एका तागडीत टाकणे कृतघ्नपणाचे होईल. कशासाठी धोका पत्करला यावर त्याची योग्यता ठरते. परंतु ढगाला हेतू कळत नाही. उदात्त हेतू धोका पत्करण्याचे कारण होऊ शकतो. धोका लहान असल्याचा पुरावा तो कधीच होत नाही. या दोन गोष्टींची आपण फार सहज गल्लत करतो.

आणि जे परतले नाहीत त्यांना दोषी म्हणावे काय? ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत ज्यात होते ते हेलिकॉप्टर पडले. त्यातल्या चौदा जणांपैकी कोणी वाचले नाही. पुढच्या महिन्यात हवाई दलाने सांगितले, की दरीतली हवा अनपेक्षित बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले. यंत्रातील बिघाड, घातपात किंवा हलगर्जी यांपैकी काही नव्हते. २०२४ च्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात त्याच अपघातापुढे 'मानवी चूक' अशी नोंद आली. वर्तमानपत्रांना यात विसंगती दिसली. मला ती दिसत नाही. चूक आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; मन लावून, कुचराई न करता काम करणाऱ्याच्या हातूनही चूक होते. तिला चूक म्हटले नाही तर पुढचा वैमानिक शिकणार नाही, आणि तिला अपराध म्हटले तर पुढचा वैमानिक सांगणार नाही.

राहिली परतणाऱ्याची गोष्ट. त्याच्या वाट्याला काय येते? काही नाही. तो परतला, म्हणून काही घडले नाही. आणि काही घडले नाही म्हणून परतण्याची गरज होती हे त्याला कधीच सिद्ध करता येत नाही. पावसामुळे गडावरची सहल रद्द करणाऱ्या शिक्षकाचा सत्कार झालेला मी अजून पाहिलेला नाही. दुपारी ऊन पडले की मुले रुसतात आणि पालक हसतात. पुढे गेलेल्याच्या धैर्याला यश किंवा हौतात्म्य यांपैकी एक साक्षीदार मिळतोच. परतलेल्याचे धैर्य मात्र जन्मभर साक्षीदाराविना राहते. म्हणूनच ते अधिक दुर्मिळ आहे.

सिंहगडाची कथा मी वर्गात यापुढेही सांगेन, पण तिला एक जोड देऊन. ज्या कोंढाण्यावर दोर कापले गेले, तो किल्ला १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनीच सोडून दिला होता. तो एकच नव्हे, तेवीस किल्ले. त्या दिवशी पुढे जाण्यात सर्वनाश आहे हे त्या राजाने ओळखले, वाकला, परतला, माणसे आणि उमेद राखली. १६७० साली तानाजी कडा चढू शकला तो पाच वर्षांपूर्वी कोणी तरी वेळेवर मागे फिरले होते म्हणून. दोर कापण्याचे प्रसंग इतिहासात येतात, पण थोडे. बाकी सगळे दिवस दोर नीट बांधलेला आहे की नाही हे पाहण्याचे असतात.