दोघांची नाव, एक कोयता

विवाहप्रसंगीच्या प्रवचनात संसाराला नौकेची उपमा देण्याची आम्हां धर्मगुरूंची जुनी चाल आहे. उपमा गोड आहे. परंतु दोघांनी नाव चालवावी कशी, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यातून आमचा बीड जिल्हा समुद्रापासून दूर. येथे 'नांगर' म्हटले की काळी जमीन आठवते, नौकेचा नांगर नव्हे. तरीही प्रश्न घरोघरचा आहे : दोघांच्या नावेत शब्द कुणाचा चालावा?

'घरात कप्तान एकच हवा,' हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. शिडाच्या नावेतून दूरच्या प्रवासाला निघणारी जोडपी आज जगभर आहेत. त्यांची खरी परीक्षा संध्याकाळी खाडीत नांगर टाकताना होते. एक जण सुकाणूपाशी, दुसरा नावेच्या पुढच्या टोकाला. मध्ये वारा आणि इंजिनाचा आवाज. हाक ऐकू जात नाही, ओरडा होतो, ओरड्याचे भांडण होते. म्हणून हाताच्या खुणा अगोदर, शांत वेळी ठरवून ठेवतात. गंमत अशी, की पुरुष सवयीने सुकाणू धरतो आणि जड साखळी पत्नीच्या हाती येते; वास्तविक बळ लागते ते साखळीपाशी. जाणते शिक्षक ही वाटणी उलटी करायला सांगतात.

नांगर केवळ वजनाने नाव धरीत नाही. तो तळाच्या चिखलात रुतावा लागतो, आणि त्यासाठी ओढ आडवी हवी. शेतकऱ्याला हे सांगायला नको. ओढ वर गेली की फाळ जमिनीतून निसटतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ साली योजलेला नौकेचा नांगर फाळाच्याच घडणीचा आहे. साखळी खोलीच्या निदान पाचपट सोडावी, असा साधारण नियम. ओहोटीचे ४ मीटर पाणी भरतीला ८ झाले, तर २० मीटर साखळी पुरत नाही, ४० लागते. हा हिशेब साखळीपाशी उभ्या असलेल्या व्यक्तीला ठाऊक नसेल तर ती केवळ हुकूम पाळते, आणि मध्यरात्री नाव सरकू लागते.

तेव्हा शब्द कुणाचा? आमच्या मते, त्या क्षणी ज्याला दिसते त्याचा. पाण्यातला खडक पुढच्या टोकावरून दिसतो. तेथून हात वर झाला की सुकाणूवाल्याने थांबावे, मग तो मिळकतीने कितीही थोर असो. रात्री बंदरात शिरताना शब्द नकाशा पाहणाऱ्याचा. आणि दोन्ही कामे दोघांनाही यायला हवीत. एक पाण्यात पडला तर नाव वळवायला दुसराच उरतो.

गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली 'तारिणी' ही ५६ फुटी शिडाची नौका घेऊन नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परतल्या. त्या सहकारी होत्या, दांपत्य नव्हे. परंतु एक झोपली असताना नाव दुसरीच्या भरवशावर, ही गोष्ट दांपत्याहून निराळी नाही. संत पौलानेही इफिसकरांस लिहिताना पत्नीच्या अधीनतेपूर्वी परस्परांच्या अधीनतेचा विषय काढला आहे. आमच्या प्रवचनांत तो भाग बहुधा गळतो.

आमच्याकडे दोघांच्या नावेचे नाव 'कोयता'. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरू लागते. फडात त्यांना खुणांचीही गरज पडत नाही. मात्र मुकादमाकडून उचल घेताना बोलणी बहुधा नवऱ्याशीच होतात. उचल फेडायची दोघांच्या अंगमेहनतीने. आपले शरीर यंदा किती ओझे पेलेल, धाकट्याला कुणाकडे ठेवावे, हे तिला आधी दिसते. पण विचारतो कोण? बायकोला आत बोलावून, तिच्यादेखत आकडा ठरवणारे एक घर आम्हांला ठाऊक आहे. त्या वर्षी तिच्या सांगण्यावरून उचल कमी घेतली गेली. नवरा आठवडाभर घुश्शात होता.