दीडशे फुटांचा सम्राट

मराठी मध्यमवर्गीय माणसाला मोठ्या वस्तूंची हौस असते आणि लहान जागेचं कर्ज असतं. या दोहोंच्या मधून तो जन्मभर अंग चोरून चालतो. आमच्या लहानपणी दहा बाय बाराच्या खोलीत एक भलंथोरलं शिसवी कपाट होतं. त्याचं दार पूर्ण उघडायचं तर एकाला पलंगावर चढावं लागे. एवढ्या मोठ्या कपाटाला एवढ्याशा खोलीत ठेवणं न्याय्य आहे का, असा प्रश्न घरात कोणालाही पडला नाही. कपाटालाही चार पाय असतात. पण ते शेपूट हलवत नाही, हा एक फरक.

शेपूट हलवणाऱ्या चार पायांचा प्रश्न आमच्या घरी आला तो धाकट्या मेहुण्यामुळे. त्याची बदली मुंबईला झाली, जागा मिळाली चौथ्या मजल्यावर, आणि सोसायटीची लिफ्ट तिच्या मर्जीप्रमाणे चालणारी. त्याच्याकडे चार वर्षांचा ग्रेट डेन होता. नाव सम्राट. खांद्यापाशी उंची बत्तीस इंच, वजन साठ किलो. म्हणजे माझ्यापेक्षा चार किलो जास्त.

"भाऊजी, तुमच्याकडे बाग आहे," मेहुणा म्हणाला.

आता 'बाग' या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. बँकेच्या कर्जातून दोन गुंठ्यांवर घर बांधल्यावर पुढच्या बाजूला जे उरलं, त्याला आम्ही बाग म्हणतो. चौदा फूट बाय अकरा फूट. त्यात एक तुळशीवृंदावन, एक जास्वंद, एक कढीपत्ता (त्यावर निम्म्या आळीचा हक्क आहे), पाण्याची मोटार आणि माझी स्कूटर. ग्रेट डेन हे नाव ऐकून कुत्रा डेन्मार्कचा वाटतो. पण जात मूळची जर्मनीची, रानडुकरांच्या शिकारीसाठी वाढवलेली. आमच्या बागेत रानडुक्कर नाही. एक घूस आहे, पण तिची शिकार करण्यात सम्राटांना कमीपणा वाटला असता.

शेजारचे निवृत्त मास्तर लगेच कुंपणाशी आले. "मोठ्या जिवाला लहान जागेत कोंडणं हे पाप आहे हो," ते म्हणाले. त्यांच्या मागे व्हरांड्यात दीड फुटी पिंजऱ्यात लव्हबर्ड्सची जोडी किलबिलत होती. मी काही बोललो नाही. शेजारधर्म म्हणून एक गोष्ट असते. पण त्यांचा मुद्दा रात्री मला झोपू देईना. आपल्या कौतुकासाठी एका मोठ्या प्राण्याला स्कूटर आणि जास्वंदीच्या मध्ये उभं करायचा आपल्याला काय अधिकार?

हा मुद्दा मी सोडूनच दिला असता. पण मेहुण्याकडे दुसरं एक स्थळ होतं. त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं लोणावळ्याच्या बाजूला फार्महाउस होतं. जागा अडीच एकर. कुत्रा हवा होता राखणीला. "चांगली जाडजूड साखळी आहे," त्यांनी आवर्जून सांगितलं होतं. चार फुटांची.

मी बी.कॉम. माणूस. पापपुण्याचा हिशोबही मला आकड्यांशिवाय लागत नाही. चार फुटांच्या साखळीला बांधलेला कुत्रा चार फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस फूट. आमची बाग एकशे चोपन्न. म्हणजे अडीच एकरांतल्या त्या कुत्र्यापेक्षा आमच्याकडे त्याला तिप्पट जागा मिळणार होती. हा हिशोब मी मेहुण्याला कागदावर मांडून दाखवला. त्यानं दोनदा तपासला. माणसं बँकवाल्यावर सहजी विश्वास ठेवत नाहीत.

आपल्या कायद्यानंही हे ओळखलेलं आहे, हे मला तेव्हाच कळलं. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात कुत्र्यासाठी खास कलम आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं वाजवी व्यायाम दिला नाही, तर तो गुन्हा. बाग किती फुटांची हवी, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही. व्यायाम दिला की नाही, एवढंच विचारलं आहे. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. दहा रुपयांत हल्ली सुट्या पैशांचा वादसुद्धा नीट होत नाही. मी बँकेत लागलो तेव्हा रोखपालाला जाळीच्या पिंजऱ्यात बसवत. बाहेरून कडी नसे, एवढाच दिलासा. मीही तिथं काही वर्षं काढली आहेत. त्या कायद्यात कारकुनाच्या व्यायामाबद्दल काही सापडतं का म्हणून मी शोधलं. नाही सापडलं.

तर जागेचा प्रश्न हा बऱ्याच अंशी चुकीच्या खात्यात टाकलेला प्रश्न आहे. सेंट बर्नार्डचं उदाहरण घ्या. हे कुत्रे आल्प्समधल्या ज्या खिंडीतल्या धर्मशाळेचे, ती सुमारे २,४७० मीटर उंचीवर. तिथल्या बॅरी नावाच्या कुत्र्याला चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचवल्याचं श्रेय देतात. तो १८१४ मध्ये बर्नला मेला आणि तिथल्याच संग्रहालयात त्याला जतन करून ठेवलं आहे. आता या जातीचा कुत्रा नागपूरला मे महिन्यात एक एकराच्या बागेत ठेवला, तर त्या एकराचं त्यानं काय करायचं? त्याला हवा आहे बर्फ, आणि आपण त्याला देणार लॉन. उलट ग्रेट डेनचे केस आखूड. पुण्याची हवा त्याला तशी सोसते. दुपारी पंख्याखाली फरशी मिळाली की झालं.

आणि बाग कितीही मोठी असली तरी कुत्रा तिथं आपण होऊन व्यायाम करत नाही. हे मी आता दोन वर्षं पाहतो आहे. (हो, आणला आम्ही त्याला. साठ किलोंची साखळी मला डोळ्यांपुढून हलवता येईना.) बागेत सोडला की तो फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि आमची वाट बघतो. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास त्याला फिरवावं लागतं. खाल्ल्यावर लगेच नाही; या मोठ्या जातींत भरल्या पोटी उड्या मारल्या तर पोटाला पीळ पडून जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्या घरी त्याच्या जेवणाची वेळ माझ्या जेवणापेक्षा काटेकोरपणे पाळली जाते. ही सकाळच्या शाळेत शिकवते, एकला परत येते. तोवर आई घरी असते. "दाराशी ठेवा, आत नको," हे आईनं पहिल्या दिवशी बजावलं होतं. ग्रेट डेनना माणसाला रेलून उभं राहायची सवय असते. आता आई जप करत बसते आणि सम्राट तिच्या खुर्चीला टेकतो, तेव्हा खुर्ची वीतभर सरकते आणि जप चालू राहतो.

धर्मराजानं कुत्र्यावाचून स्वर्गात जायला नकार दिला, हे महाभारतातलं उदाहरण मास्तर मला नेहमी ऐकवतात. मोठीच गोष्ट. पण स्वर्गात जागेचा प्रश्न नव्हता, आणि तो कुत्रा शेवटी साक्षात यमधर्म निघाला. आमचा कुत्रा कुत्राच निघाला आहे. त्याला पिशवीभर खाणं लागतं, आणि डॉक्टरांच्या बिलापुढे माझा महागाई भत्ता शरमून जातो.

सगळं फिटलं असं मात्र मी म्हणणार नाही. रात्री सम्राट हॉलमध्ये आडवा पडला की आम्हाला त्याला ओलांडूनच पाणी प्यायला जावं लागतं. झोपेत कधी कधी त्याचे चारही पाय धावल्यासारखे हलतात. श्वास जोरात चालतो. बराच वेळ धावतो. तो जिथं धावत असतो ती जागा चौदा बाय अकरा नसणार, एवढं मलाही कळतं. अशा वेळी मी पाण्याचा पेला हातात घेऊन तसाच उभा राहतो. मागचा हिशोब मग पुन्हा कच्चा वाटायला लागतो. साखळीशी तुलना केली म्हणून आपण उजवे ठरलो. पण तुलनेला साखळीच घेतली होती.

आणि मुदतीचाही विचार आहे. ग्रेट डेनचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं. तो आता सहाचा झाला. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत आणि हल्ली दुसऱ्या पायरीवर तो क्षणभर थांबतो. उद्या त्याला चढवेनासं झालं, तर साठ किलो कोण उचलणार? म्हणून गेल्या रविवारी सुताराला बोलावून पायऱ्यांवर टाकायच्या उताराच्या फळीचं माप दिलं. फळीसाठी कढीपत्त्याची एक बाजू तोडावी लागेल. आळीत कळवलं आहे. सुतारानं रुंदी दीड फूट लिहिली होती. मी खोडून अडीच करायला सांगितली. आईनं विचारलं, "एवढी रुंद कशाला?" म्हटलं, त्याला धरून शेजारून एक माणूसही चढायला हवा ना.