गव्हाचा भाव आणि मजुरीची रेषा

आयात-निर्यातीचे आकडे कोष्टकातून उचलून रेषांच्या रूपाने डोळ्यांपुढे मांडणारा ग्रंथ ज्याने १७८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला, तो स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर आधुनिक आलेखविद्येचा आद्य प्रवर्तक मानला जातो. आणि म्हणूनच त्याचा १८२१ सालचा गव्हाचा तक्ता या विद्येच्या उपासकाने एकदा बारकाईने तपासावा. १५६५ पासूनचा गव्हाचा भाव त्यात उभ्या स्तंभांनी, कुशल कारागिराची साप्ताहिक मजुरी रेषेने आणि राजाराण्यांच्या कारकिर्दी माथ्यावरील पट्ट्यांनी दाखविल्या आहेत. प्लेफेअरचे प्रतिपादन मात्र असे, की मजुरीच्या मानाने गहू आपल्या काळाइतका स्वस्त पूर्वी कधीच नव्हता. आणि नेमके हे प्रमाणच तक्त्यात कोठे रेखाटलेले नाही! भाव धान्याच्या एका मापाचा, मजुरी आठवड्याची, दोन्ही शिलिंगांच्या एकाच पट्टीवर. भागाकार तेवढा वाचकाने मनातल्या मनात करावयाचा. एक माप गहू घेण्यास किती आठवडे राबावे लागे, एवढी एकच रेषा काढली असती, तर त्याची सारी कैफियत तीत सामावली असती.

या तक्त्याचा धडा असा, की चले, म्हणजे बदलत्या राशी, किती आहेत यावरून आलेखाची निवड होत नाही, ती प्रश्नावरून होते. एखाद्या व्यापारी संस्थेची विक्री, जाहिरातीचा खर्च, नफा आणि शाखा यांचे आकडे दफ्तरी एकत्र नांदत असले, तरी दृष्टीपुढे त्या सर्वांना सारखाच मान देता येत नाही. समान पट्टीवरील स्थान डोळा अचूक ओळखतो, लांबीचा अंदाजही बऱ्यापैकी करतो, परंतु कोन आणि क्षेत्रफळ यांच्या बाबतीत तो फसतो, असा क्रम संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलँड आणि मॅक्‌गिल यांनी १९८४ साली मांडला. तेव्हा जी तुलना निर्णयाला आधार होणार, तिला स्थानाचा अग्रमान द्यावा. खर्चाबरोबर विक्री वाढते काय, असा प्रश्न असेल, तर प्रत्येक शाखेचा एक ठिपका पुरे. नफ्याचा स्थूल अंदाजच हवा असेल, तर ठिपक्याचे आकारमान त्यासाठी राखावे. आणि कालक्रम पाहावयाचा असेल, तर शाखावार लहान रेषालेख एकाच प्रमाणात शेजारी शेजारी मांडावेत. डाव्या-उजव्या बाजूंना दोन निराळ्या पट्ट्या लावून दोन रेषा एकमेकींना छेदतात असे दाखविणे मात्र टाळावे. कारण तो छेदनबिंदू वस्तुस्थितीचा नसून पट्टी आखणाऱ्याच्या मर्जीचा असतो.

अनेक चले एकत्र आणूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा जो नकाशा मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली काढला, त्यात मार्ग, दिशा, सैन्यसंख्या आणि परतीच्या वाटेवरील थंडी हे सारे आहे. तरीही तो गोंधळत नाही, कारण ४,२२,००० सैनिकांपासून १०,००० पर्यंत क्षीण होत जाणारा पट्टाच त्यात प्रधान असून बाकीचे सर्व त्याचे ताबेदार आहेत.

सारांश, आलेख मागणाऱ्या अधिकाऱ्याने कारकुनाच्या हाती आकड्यांबरोबर आपला प्रश्नही लेखी द्यावा. आणि तो लिहिता येत नसेल, तर आलेखाची वेळ अद्यापि आलेली नाही असे समजून निमूटपणे कोष्टकच पुढे ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.