दैव : पाचवे कारण

मनुष्य आपल्या आयुष्याचा आराखडा मनाशी आखतो आणि आयुष्य बहुधा दुसऱ्याच वाटेने जाते. ज्या मुलाच्या आधारावर म्हातारपणाची आशा बांधावी तो दूरदेशी जातो. जन्मभर सांभाळलेला धंदा एका हंगामात बसतो. ज्या घरात लग्नाची तिथी निघाली त्याच घरात दुखणे शिरते. अशा प्रसंगी गृहस्थाश्रमी माणसाच्या तोंडून बहुधा दोनच उद्गार निघतात. एक, 'सर्व दैवाधीन आहे, आपल्या हाती काय आहे?' आणि दुसरा, 'मी असे केले असते तर हे टळले असते.' पहिला उद्गार माणसाला हातपाय गाळून बसवितो; दुसरा त्याला जन्मभर आतून जाळीत राहतो. या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे काय, हा प्रस्तुत प्रश्न आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे गणली आहेत. कर्माचे अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध व्यापार आणि पाचवे दैव. शेतीचाच दाखला घ्या. शेत हे अधिष्ठान, शेतकरी हा कर्ता, नांगर-बैल-बियाणे ही साधने, नांगरणी-पेरणी-खुरपणी हे व्यापार, आणि पाऊस? तो शेतकऱ्याच्या सत्तेतला नव्हे. पण पाऊस हातचा नाही म्हणून कोणी शहाणा शेतकरी पेरणी सोडीत नाही, आणि पेरणी उत्तम केली म्हणून पावसावर हक्कही सांगत नाही.

ही गणना बारकाईने पाहिली म्हणजे वरील दोन्ही उद्गारांतील दोष ध्यानात येतो. 'सर्व दैवाधीन' म्हणणारा पाचव्या कारणाने उरलेली चार गिळून टाकतो. 'माझ्यामुळेच झाले' म्हणून झुरणारा पाचवे कारण मुळी नाहीच असे धरून चालतो. एकात आळस आहे, दुसऱ्यात सूक्ष्म अहंकार. म्हणूनच ही पाच कारणे सांगून झाल्यावर लगेच, जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही, असे भगवंत बजावतात. हा इशारा यशाच्या गर्वाला जितका लागू आहे तितकाच अपयशाच्या पश्चात्तापालाही लागू आहे. अकल्पिताचा स्वीकार म्हणजे पाचव्याला पाचवे म्हणून मान देणे आणि उरलेली चार आपल्याकडे ठेवणे.

या स्वीकाराचे उदाहरण गीतेच्याच एका थोर भाष्यकाराच्या चरित्रात सापडते. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पुरी व्हावयाची होती. चाललेले राजकारण, वृत्तपत्र, घरदार, सर्व मागे राहिले आणि ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगाची एक खोली पुढे आली. शरीरात मधुमेह होता. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, शिसपेन्सिलीने त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. अधिष्ठान पालटले, साधने तुटपुंजी झाली, पण कर्ता आणि त्याचा व्यापार थांबला नाही.

परंतु या कथेचा अर्थ 'तुरुंगाने ग्रंथ दिला' असा कोणी काढील तर तो फसेल. १८७२ साली, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात त्यांना गीतेवरील एक प्राकृत टीका वाचून दाखविताना गीतेचा विषय टिळकांच्या मनात प्रथम शिरला होता. पुढील तीन तपांहून अधिक काळ तो चिंतनात राहिला. तुरुंगाने दिला तो केवळ एकांत, आणि तोही सक्तीचा. तोच एकांत रिकाम्या मनाला वेडही लावतो. अनपेक्षित वळण येते तेव्हा ते आपल्याला नवे काही देत नसते. आपण रोजच्या साध्या दिवसांत जे साठविले असेल तेच ते बाहेर काढते. म्हणून संकटाची तयारी संकटात होत नाही. ती नित्यकर्मात होते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. १९१२ साली, ते मंडालेस असतानाच, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्याकडे वारल्या. अखेरची भेटही झाली नाही. ग्रंथ झाला म्हणून हे दुःख फिटले, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. एका पारड्यात हानी आणि दुसऱ्यात लाभ घालून देवाचा हिशेब जुळविण्याचा मोह आपल्याला फार होतो. पण गीता असा हिशेब मांडीत नाही. ती दुःखाला सुख म्हणावयास सांगत नाही. दुःखातही बुद्धी ठिकाणावर ठेवावयास सांगते. डोळ्यांतून पाणी येणे हा योगभ्रंश नव्हे.

येथे दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. पहिली ही की, अन्यायाला दैव म्हणू नये. टिळकांनी शिक्षा भोगली, पण ती न्याय्य आहे असे कधीही मान्य केले नाही. युद्ध टळावे म्हणून स्वतः श्रीकृष्ण दूत होऊन कौरवसभेत गेले. शिष्टाई फसल्यावरच रणभूमी आली. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला किंवा मजुरी बुडालेल्या कामकऱ्याला 'तुझे नशीब' म्हणून गप्प करणे हा धर्म नव्हे. तेथे उरलेली चार कारणे आपल्या हाताची वाट पाहत असतात. दुसरी मर्यादा ही की, स्वीकाराचा उपदेश स्वतःला करावा, शोकग्रस्त शेजाऱ्याला नव्हे. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याच्याकडे तत्त्वज्ञान घेऊन जाऊ नये; शिजलेले अन्न घेऊन जावे आणि जवळ बसावे. त्या घडीला आपली सोबत हेच त्याच्या पदरात पडणारे अनुकूल दैव असते.

कुरुक्षेत्री अर्जुनाला काय अनपेक्षित होते? युद्ध ठरलेले होते. समोर भीष्म-द्रोण उभे राहणार हेही त्याला ठाऊक होते. अकल्पित होते ते त्याचे स्वतःचे मन, जे ऐन वेळी कोसळले. जीवनातील सर्वांत बिकट वळण पुष्कळदा असे आतच असते. आणि तेथेही भगवंतांनी त्याला रथातून उतरविले नाही, युद्धभूमी बदलून दिली नाही. त्याच जागी उभे राहून पाहण्याची दृष्टी दिली. आपण गृहस्थांनीही एवढेच मागावे. दिवस मावळताना, आज अकल्पित काय आले आणि त्यात माझ्या हातचे काय उरले, हे दोन प्रश्न शांतपणे स्वतःला विचारावे. पहिल्याचे उत्तर ईश्वराच्या चरणी ठेवावे आणि दुसऱ्याचे उत्तर उद्या सकाळी उठून कामाला लावावे.