साक्षीदार आणि खबऱ्या

२०२४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतील मेरीलंड राज्यात आमच्या भाच्याकडे दीड महिना राहिलो होतो. एका शनिवारी सकाळी चहा होताच तो म्हणाला, "मामा, आज गाडीत दोन वस्तू बसवायच्या आहेत. तुम्ही नुसता टॉर्च धरा." बेळगावात लहानपणी आमचे वडील रेडिओ उघडून बसत, तेव्हा टॉर्च धरण्याचे काम आमच्याकडेच असे. तेव्हा आम्ही आनंदाने उठलो. त्या दिवशीच्या कामातून एक प्रश्न आमच्या मनात शिरला आणि घरी परतल्यावरही तो गेला नाही. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली वस्तू म्हणजे डॅशकॅम. गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलेला हा लहानसा कॅमेरा गाडी चालू असेपर्यंत समोरच्या रस्त्याचे चित्रण करीत राहतो. अपघात झाला तर चूक कोणाची, हे दाखवायला तो उपयोगी पडतो. आता आपल्याकडेही, हैदराबाद-वडोदऱ्यासारख्या शहरांत, पुष्कळ गाड्यांत तो दिसू लागला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याआधीच्या जुन्या कायद्याप्रमाणे याही कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून स्वीकारण्याची तरतूद आहे. म्हणजे हा खराखुरा साक्षीदार झाला.

दुसरी वस्तू आपल्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिली असेल. तिला रडार डिटेक्टर म्हणतात. तिकडे रस्त्याच्या कडेला उभा असलेला पोलीस गाडीवर रडारच्या लहरी सोडतो. धावत्या गाडीवर आपटून परतलेल्या लहरीची कंपनसंख्या बदललेली असते, आणि त्या बदलावरून वेग कळतो. ख्रिस्तियन डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेल्या तत्त्वावरच हे यंत्र चालते. पोलिसाच्या यंत्राला जाऊन परत आलेली लहर लागते. डिटेक्टरला नुसती आलेली लहर पुरते. म्हणून तो आधी ऐकतो आणि शिटी वाजवून चालकाला सावध करतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ साली, अमेरिकेत सर्व देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आली. लांबच लांब मोकळ्या रस्त्यांवर ती लोकांना जाचक वाटे. त्या काळात या यंत्रांचा प्रसार झाला. ती देशव्यापी मर्यादा १९९५ साली उठली, पण यंत्रे राहिली.

एक साक्षीदार, तर दुसरा खबऱ्या. दोघांनाही वीज मिळणार होती ती एकाच फ्यूजपेटीतून.

भाच्याच्या हाताचे काम पाहण्यासारखे होते. त्याने प्रथम टेस्टरने एकेक फ्यूज तपासला. कोणत्या फ्यूजला गाडी बंद असतानाही वीज असते आणि कोणत्याला किल्ली फिरवल्यावरच येते, ते कागदावर लिहून काढले. एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या फ्यूजला हात लावायचा नाही, हे त्याने आम्हांलाही बजावले. डिटेक्टर किल्लीबरोबर चालू व्हावा नि बंद व्हावा. कॅमेऱ्याला मात्र गाडी उभी असतानाही पहारा ठेवायचा होता, म्हणून त्याला दोन्ही प्रकारची वीज हवी, आणि बॅटरी ठराविक पातळीखाली उतरली की ती आपोआप तोडणारी डबीही हवी. नाहीतर सकाळी गाडीच सुरू व्हायची नाही. अर्थिंगची तार त्याने रंग न लावलेल्या धातूच्या बोल्टाखाली घट्ट आवळली. काचेपासूनची तार छताच्या अस्तरात बोटाने सारली आणि काचेशेजारच्या खांबाचे आवरण काढून तेथून खाली आणली. त्या खांबात एअरबॅगची घडी असते. तार तिच्या पुढून नेली, तर अपघाताच्या वेळी एअरबॅगला अडथळा होतो. म्हणून त्याने ती मागच्या बाजूने नेऊन कंपनीच्या मूळ तारांना बांधली. आवरण परत बसवल्यावर कोणी हात लावला होता असे वाटेना.

ज्या जागी कोणी पाहणार नाही, तेथेही काम चोख करणे हा सद्गुणच होय. पण टॉर्च विझवताना आमच्या मनात आले की, ही चोख तार दोन वेगवेगळ्या हेतूंना सारख्याच इमानाने वीज पुरवणार आहे. एकाचे काम झालेले जगाला दाखवण्याचे, आणि दुसऱ्याचे काम होत असलेले जगाला दिसू न देण्याचे.

पुढच्याच आठवड्यात आम्ही व्हर्जिनिया राज्यात एका स्नेह्यांकडे निघालो. पोटोमॅक नदीवरचा पूल येण्याआधी भाच्याने गाडी एका पेट्रोलपंपावर थांबवली, डिटेक्टर उपसला आणि मागच्या डिकीत सामानाखाली ठेवून दिला. आम्ही विचारले, "काय रे?" तो म्हणाला, "मामा, मेरीलंडमध्ये हा चालतो. व्हर्जिनियात कायद्याने बंदी आहे."

आम्ही थोडे हसलो, आणि मग वादाला तोंड फुटले. त्याचे म्हणणे असे, की आपल्या राज्यात कायदा परवानगी देतो, मग अधर्म कसला? शिवाय शिटी वाजली की आपण वेग कमी करतो; म्हणजे यंत्र आपल्याला नियम पाळायलाच लावते. आम्ही म्हणालो, "अरे, वेग कमी करतोस तो पोलीस आहे म्हणून. पुढे शाळेतून मूल धावत येणार असेल, तर ते काही लहरी सोडत नाही." तो गप्प झाला. पण जरा वेळाने म्हणाला, "मामा, बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावर समोरून येणाऱ्याला दिवे मिचकावून 'पुढे पोलीस आहेत' असे तुम्हीच सांगत होता ना? मी मागे बसलेलो असायचो."

आता आम्ही गप्प झालो. कारण ते खरे होते. दिवे मिचकावताना आम्हांला कधी पाप वाटले नाही, उलट बंधुभाव वाटला होता. तेव्हा या प्रश्नात अमेरिका आणि आपण असा भेद नाही. यंत्र त्यांचे असेल, खोड आपलीही आहे.

या डिटेक्टरची एक गोष्ट भाच्यानेच सांगितली. लहर ऐकण्यासाठी त्याच्या पोटात स्वतःची एक बारीक लहर निर्माण व्हावी लागते, आणि ती थोडी बाहेर झिरपते. व्हर्जिनियासारख्या ठिकाणचे पोलीस ती झिरपणारी लहर पकडणारे यंत्र बाळगतात. लपण्यासाठी घेतलेली वस्तूच आपला ठावठिकाणा सांगते, हे ऐकून आम्हांला आमच्या शब्बाथशाळेतील मुले आठवली. फळा न पुसता पळालेल्या मुलाचा पत्ता बहुधा त्याच्या दबक्या हसण्यावरूनच लागतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या परतीला दहा दिवस राहिले होते. रविवारी संध्याकाळी, घराजवळच्या एका चौकात, जेथे चारही बाजूंना 'थांबा'ची पाटी आहे, तेथे आमच्या गाडीच्या मागच्या दाराला उजवीकडून येणाऱ्या एका वृद्ध बाईंची गाडी लागली. वेग थोडा होता. कोणाला इजा झाली नाही. दार चेपले आणि त्यांच्या गाडीचा दिवा फुटला. बाई थरथरत उतरल्या आणि म्हणाल्या, "माझीच चूक. मी पाहिलेच नाही." भाच्याने त्यांना धीर दिला, विम्याचे कागद एकमेकांना दाखवून झाले आणि आम्ही घरी आलो.

रात्री त्याने कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले. आम्ही शेजारीच होतो. पडद्यावर स्पष्ट दिसत होते: बाईंची गाडी पाटीपाशी पूर्ण थांबलेली होती आणि मग निघाली होती. आमची गाडी पाटीपाशी थांबलीच नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात कॅमेरा वेगाचा आकडा छापतो. तो कमी होत होत ८ मैलांवर आला आणि तेथून पुन्हा वाढला. तिकडच्या नियमाप्रमाणे चाके पूर्ण थांबावी लागतात. आम्हांला दोघांनाही वाटले होते की आपण थांबलो.

मेरीलंडमध्ये अजून एक जुना न्यायनियम चालतो. नुकसान झालेल्या माणसाची स्वतःची थोडीशी जरी चूक सिद्ध झाली, तरी त्याला समोरच्याकडून काहीही भरपाई मागता येत नाही. बाई तर स्वतःच्या तोंडाने चूक कबूल करून बसल्या होत्या. त्या एका वाक्याने त्यांचे सारे जाण्यासारखे होते.

येथे त्या यंत्राची घडण ध्यानात घेतली पाहिजे. कॅमेऱ्याचे कार्ड भरले की तो सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहितो. जोराचा धक्का बसला तर तेवढा भाग तो राखून ठेवतो, पण हा धक्का इतका हलका होता की त्याने तो धक्का मानलाच नव्हता. भाच्याच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या हिशेबाने शुक्रवारपर्यंत ते चित्रण आपोआप नाहीसे होणार होते. काही पुसायला नको, कोणाशी खोटे बोलायला नको. नुसती गाडी चालवत राहायची.

सोमवार गेला, मंगळवारही गेला. भाचा त्याविषयी बोलला नाही, आणि आम्हीही बोललो नाही. हे लिहिताना आम्हांला लाज वाटते. तीस वर्षे आम्ही मुलांना दहा आज्ञा पाठ करून घेतल्या. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा समजावताना 'खोटे बोलणे' एवढाच अर्थ सांगून पुढच्या आज्ञेवर गेलो. खरे बोलायचे असताना दिवस मोजत बसणे याचा त्यात कोठे समावेश करावा, हे आम्ही कधी मुलांना विचारले नव्हते, आणि स्वतःलाही नाही. कॅमेरा होताच, पण त्या गाडीत दुसरा साक्षीदार आम्हीही होतो. आमचे कार्ड तर कोणी पुसणार नव्हते.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर भाचा उठला, गाडीतून कार्ड काढून आणले आणि मेजावर ठेवले. म्हणाला, "मामा, तिकडून कोणी माझ्यावर आदळून खोटे बोलेल म्हणून मी हे बसवले. माझ्यावर उलटेल असे मनातही आले नव्हते." त्याने ते चित्रण आपल्या विमा कंपनीला पाठवले आणि बाईंना फोन करून तसे सांगितलेही. पुढच्या वर्षी त्याचा हप्ता वाढला. ते त्याने आम्हांला सहज बोलता बोलता सांगितले, तक्रार म्हणून नव्हे.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर आकाशातून एक मोठा उल्कापिंड कोसळत आला आणि हवेतच फुटला. खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. तिकडे खोट्या दाव्यांच्या भीतीने पुष्कळांनी गाड्यांत कॅमेरे बसवले होते. त्या कॅमेऱ्यांत तो गोळा उमटला आणि त्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी त्याची अवकाशातील कक्षा काढली. बसवणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात उल्का नव्हती. साक्षीदार एकदा नेमला की तो काय पाहील, हे नेमणाऱ्याच्या हाती राहत नाही.

आपली अडचण नेमकी येथे आहे. दुसऱ्याने चूक केली तर तिचा पुरावा असावा, आणि आपण चूक करीत असू तर आधी सूचना मिळावी, अशी आपली दुहेरी इच्छा असते. रस्त्यावर तिला दोन यंत्रे लागतात. घरात, कचेरीत, मंडळीच्या कारभारात तिला यंत्र लागत नाही. शेजाऱ्याचे वागणे आपण बारीक ध्यानात ठेवतो, आणि हिशेब तपासायला कोणी येणार आहे असे कळले की वह्या नीट करायला धावतो. वह्या नीट होतात हे चांगलेच, पण त्या कोणासाठी नीट झाल्या?

कॅमेरा बसवू नये असे आम्ही म्हणत नाही. तो बसवावा, आणि तार नीट, एअरबॅगच्या मागून न्यावी. मात्र बसवतानाच मनाशी ठरवावे, की याने माझ्याविरुद्ध साक्ष दिली तर तीही मी पुसली जाऊ देणार नाही. एवढे ठरवता येत नसेल, तर आपण साक्षीदार ठेवला नाही, आपल्या बाजूचा वकील ठेवला, असे समजावे.

भाच्याचा डिटेक्टर अजून गाडीत आहे. आम्ही तो काढ म्हटले नाही. बेळगावच्या रस्त्यावर दिवे मिचकावणाऱ्याने ते म्हणायला थोडा वेळ जावा लागेल. परतल्यापासून आम्ही दिवे मिचकावणे सोडले आहे, एवढेच सांगू शकतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. ती आज्ञा शिकवाल तेव्हा मुलांना ही गोष्ट बुधवारच्या आधीच थांबवून सांगा आणि विचारा: "चित्रण शुक्रवारी आपोआप पुसले जाणार आहे. आज मंगळवार आहे. तुम्ही काय कराल?" मुलांची उत्तरे ऐकण्यापूर्वी आपले उत्तर मनाशी ठरवून ठेवा. आमचे मंगळवारचे उत्तर काय होते, ते वर लिहिलेच आहे.